मुलाचा रेंगाळलेला खोकला आणि सिंगापूरमधलं चायनीज औषधांचं क्लिनिक : आमचा अनुभव

आमचा मुलगा 5 वर्षांचा आहे, आम्ही सिंगापूरला राहतो, आणि चाइल्डकेअरमध्ये जाणारं पोर म्हटलं की सर्दी-ताप येत-जात राहणारच. पण या खेपेला ताप उतरला, नाक गळायचं थांबलं, खोकला काही जाईना. दिवसा खेळताना ठीक असायचा, रात्री आडवा झाला की सुरू, आणि पहाटेच्या सुमाराला अशी ढास लागायची की प्यायलेलं दूध उलटून पडायचं, मग चादर बदला, कपडे बदला, परत थोपटून झोपवा. ज्यांच्या घरी हे चाललंय त्यांना जास्त सांगायला नको. आईचं पुण्याहून व्हिडिओ कॉलवर अडुळसा, ज्येष्ठमध, हळदीचं दूध, ओव्याची पुरचुंडी सगळं सांगून झालं आणि आमचं करूनही झालं. शेवटी शेजारच्या चिनी काकू म्हणाल्या, आमच्या नातवंडांना आम्ही टीसीएमवाल्यांकडेच नेतो, तुम्ही एकदा दाखवून तर बघा. टीसीएम म्हणजे ट्रॅडिशनल चायनीज मेडिसिन, इथे गल्लोगल्ली असतात ही क्लिनिकं.

क्लिनिकचं सांगण्याआधी एक गोष्ट, आणि ही अगदी कळकळीने सांगतेय. आधी नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. आम्ही पॉलिक्लिनिकला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, जाऊन आलो होतो, त्यांनी छाती तपासली, ऑक्सिजन बघितला, घरात कुणाला दमा आहे का विचारलं, आणि सांगितलं की व्हायरल इन्फेक्शननंतरचा खोकला आहे, मुलांत तो 3-4 आठवडे रेंगाळतो, त्याच्या पुढे गेला तर परत या. हे ऐकल्यावरच मी दुसरीकडे जायचा विचार केला. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातायत, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतोय, ताप परत चढलाय, वजन उतरतंय, किंवा शेंगदाणा-फुटाणा खाताना ठसका लागला आणि तेव्हापासून खोकला थांबलाच नाही, यातलं काहीही असेल तर जडीबुटी नको, मसाज नको, सरळ हॉस्पिटल गाठा.

आता क्लिनिक. एचडीबी ब्लॉकच्या, म्हणजे इथल्या सरकारी घरांच्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे, शेजारी कोपिटियम, म्हणजे कॉफी-नाश्त्याचं दुकान. आत शिरलं की सुकवलेल्या मुळ्या-पानांचा वास येतो, आपल्याकडच्या काष्ठौषधीच्या दुकानात येतो तसाच, मला तर एकदम रविवार पेठेत गेल्यासारखं वाटलं. सिनसे म्हणजे तिथल्या वैद्यबाई, पन्नाशीच्या, इंग्लिश कामापुरतं, अडलं की काउंटरवरच्या काकू मदतीला. मी जायच्या आधीच त्यांचं नाव सरकारी रजिस्टरमध्ये शोधून घेतलं होतं. सिंगापूरमध्ये 2000 सालापासून यासाठी वेगळा कायदा आहे, टीसीएम डॉक्टरांचं बोर्ड आहे, नोंदणी आणि चालू लायसन्स असल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही आणि कोण नोंदणीकृत आहे ते ऑनलाइन दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे, लहान मुलाचा प्रश्न असेल तर कराच.

मला सगळ्यात आवडलं ते त्यांचं विचारणं. खोकला कोरडा का ओला, कितीला सुरू होतो, झोपेत घाम येतो का, कुठे येतो, शी कशी होते, सकाळी भूक असते का, रात्री शेवटचं काय खातो. जीभ नीट उजेडात बघितली, मलाही दाखवली, वर पांढरा जाडसर थर होता. मनगटावर बोट ठेवून नाडी बघितली. मग म्हणाल्या, कफ साचलाय, पचन मंद झालंय, त्याचा भार छातीवर येतोय. आपल्याकडचे वैद्यही जवळपास हेच म्हणाले असते. पथ्यही ओळखीचंच निघालं, फ्रिजमधलं काही नको, तळलेलं नको, केळं आणि संत्रं काही दिवस बंद, आणि झोपताना दूध अजिबात नाही. आईला फोनवर सांगितलं तर म्हणे, मग मी इतके दिवस काय सांगत होते!

मग तुईना, म्हणजे मुलांसाठीचा मसाज. यासाठी मात्र मी या क्लिनिकला मनापासून दाद देईन. बाईंनी बोटांना थोडी पावडर लावली, याचा डावा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि अनामिकेच्या पेरावरून अंगठा फिरवायला लागल्या, त्यांच्या शास्त्रात ती जागा फुप्फुसाची. नंतर अंगठ्याची कड, ती पचनाची. मग तळहातात गोल गोल, मग मनगटापासून कोपरापर्यंत हाताच्या आतल्या बाजूने दोन बोटांनी सरळ वर, एका लयीत, घाई नाही. नंतर शर्ट वर करून छातीच्या मधोमध दोन्ही अंगठे ठेवून बाहेरच्या बाजूला सारत नेले, आणि पालथा करून खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मध्ये, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, हलकं हलकं चोळलं. कुठेही जोर नाही. आमचा मुलगा स्टेथोस्कोप लावू देत नाही, रडून गोंधळ घालतो, पण इथे तो गप पडून राहिला आणि शेवटी त्याचे डोळे मिटायला लागले. वर बाईंनी हे सगळं माझ्याकडून करून घेतलं, माझा अंगठा जोरात पडत होता तर माझाच हात धरून दाखवलं केवढा दाब पाहिजे, आणि म्हणाल्या, रोज इथे आणू नका, घरी झोपायच्या आधी करा. पैसे घेणारी माणसं असं सांगत नाहीत हो सहसा.

औषध म्हणजे तपकिरी दाण्यांची पावडर, छोट्या पुड्या बांधून देतात, गरम पाण्यात विरघळवून जेवणानंतर द्यायची. चव कडू आणि मागून तुरट, आमच्याकडे दर वेळी मिनतवाऱ्या. इथे माझी एक तक्रार आहे. पाकिटावर सगळं चिनीत लिहिलेलं, आत काय आहे हे आपणहून कुणी सांगितलं नाही. मी विचारलं, आग्रहच धरला, तेव्हा त्यांनी कागदावर इंग्लिशमध्ये यादी लिहून दिली, त्यात लोकाटची पानं, वाळवलेली संत्र्याची साल, प्लॅटिकोडॉन नावाचं मूळ आणि गान्त्साओ, म्हणजे आपल्या ज्येष्ठमधाचीच भावकी. यादी मागायला लाजू नका. या शास्त्रात खोकल्यासाठी मा हुआंग नावाची वनस्पती वापरतात, त्यात एफेड्रिन असतं, त्याने छातीची धडधड वाढते आणि झोप उडते. मा दौ लिंग नावाचं एक फळ तर खोकल्यासाठीच वापरलं जायचं, त्यातलं अरिस्टोलोकिक अ‍ॅसिड किडनी निकामी करतं आणि कॅन्सरलाही कारण ठरतं, म्हणून सिंगापूरसह बऱ्याच देशांनी त्यावर बंदी आणली. कडू जर्दाळूच्या बियासुद्धा घरी आणून स्वतःच्या मनाने उकळायच्या नाहीत, त्यातून सायनाइड तयार होतं. झाडपाल्याचं आहे म्हणजे निर्धोक आहे असं नसतं, हे आयुर्वेदालाही लागू आहे. आणि एका दिवसात खोकला गायब करणारं, नाव-गाव नसलेलं काही ऑनलाइन मिळालं तर हात लावू नका, अशा मालात छुपं स्टेरॉइड सापडल्याचे इशारे इथलं औषध खातं वरचेवर देत असतं.

शेजारच्या काकूंनी अजून एक सुचवलं होतं, निन जिओम पेइ पा कोआ. इथे सुपरमार्केटपासून सगळीकडे मिळतं, लाल-पिवळ्या खोक्यातलं काळं घट्ट सिरप, लेबलवर आईची सेवा करणारा मुलगा. गोष्ट अशी सांगतात की छिंग राजवटीतल्या एका अधिकाऱ्याच्या आईचा खोकला जाईना, तेव्हा ये थियान-शी या मोठ्या वैद्यांनी ही औषधाची कृती दिली. त्यात लोकाटची पानं आणि छुआन बेइ नावाचा डोंगरातला कंद असतो, पण मुख्य म्हणजे मध आणि साखरेचा पाक. चवीला गोड, थंडगार, मुलगा स्वतः मागून घ्यायचा. घसा शांत होतो हे खरं, पण मला वाटतं त्यातलं बरंचसं श्रेय मधाचं आहे, मुलांच्या खोकल्यावर मधाचा उपयोग होतो हे अभ्यासांतही दिसलंय. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध असलेलं काहीही नाही, बोट्युलिझमचा, म्हणजे एका गंभीर विषबाधेचा धोका असतो. आणि घेतल्यावर दात घासून घ्या, रात्रीचं तर नक्कीच.

मग गुण आला का? उलट्या सगळ्यात आधी थांबल्या, पण ते झोपताना दूध बंद केल्यामुळे असणार, त्यात कुठलं गूढ नाही. खोकला हळूहळू उतरत गेला, पण पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांनी सांगितलेली मुदतही तेवढ्यातच भरत आली होती, त्यामुळे पुड्यांनी बरा झाला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. अशा खोकल्यासाठी या पुड्यांचा भक्कम पुरावा अजून नाही. मसाजचं मात्र खात्रीने सांगते, ज्या रात्री करायचे त्या रात्री तो लवकर आणि शांत झोपायचा, आणि मलाही रात्री अडीच वाजता नुसतं बघत बसण्यापेक्षा हाताला काम असायचं. आईची ती अगतिकता कमी होणं ही माझ्यासाठी खूप मोठी गोष्ट होती.

2025 मध्ये छिंदवाड्यात विषारी कफ सिरप पिऊन लहान मुलं दगावली, त्यानंतर आमच्या ग्रुपवर बऱ्याच जणी विचारायला लागल्यात की सिरप बंद करून चायनीज औषध सुरू करू का, तिकडून पाठवशील का. माझं उत्तर नाही असंच आहे. डॉक्टरांनी न बघितलेल्या मुलाला मी इथून पुड्या पाठवणार नाही, आणि तुमच्या गावात असं नोंदणी तपासता येणारं काही नसेल तर कुणाच्या तरी दुकानातूनही घेऊ नका. डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं असेल तर दोन्हीकडे स्पष्ट सांगा, आमच्या सिनसे बाईंनी दोन औषधांत 2 तासांचं अंतर ठेवायला सांगितलं होतं.

खर्च म्हणाल तर तपासणी, मसाज आणि पुड्या धरून पहिल्या वेळी 80-90 सिंगापूर डॉलर गेले, आमच्या कंपनीच्या इन्शुरन्समध्ये बसलं नाही. पुढच्या वेळी फक्त तुईनासाठी जाईन, पुड्या नाही घेणार, आणि बाईंना सांगितलं की त्या आग्रह करत नाहीत. 5 पैकी 4 स्टार, एक कापला तो त्या चिनी पाकिटासाठी. शनिवारी सकाळी फार गर्दी असते, आठवड्यात संध्याकाळी पाचच्या आत जा, मुलाला सैल, पुढून उघडणारा शर्ट घाला आणि पोट भरल्या भरल्या नेऊ नका.