पावसाळ्यात एकच वीकेंड आहे, मग ग्राउंड गेको बघायची की डे गेको?

मैत्रिणीचा मुलगा आठ वर्षांचा, पालींच्या मागे वेडा, आणि सुट्टी मिळतेय दोनच दिवस, तर नेमकं काय दाखवू असं तिने विचारलं म्हणून हे लिहितेय.

गेको म्हणजे पालच; डेक्कन ग्राउंड गेको (सर्टोडॅक्टिलस डेक्कानेन्सिस) ही जमिनीवरची पाल आपल्या उत्तर सह्याद्रीची, म्हणजे मुंबई-पुणेवाल्यांना जवळची. प्राणीशास्त्रज्ञ गुंथरने १८६४ मध्ये तिची नोंद केली. घरातल्या पालीसारखी भिंतीवर सरसर चढेल असं वाटतं पण नाही, बोटांना चिकटणाऱ्या गाद्याच नसतात, नुसती वाकडी बारीक बोटं आणि नखं, सर्टोडॅक्टिलस म्हणजे वाकडबोटीच. दिवसभर दगडाखाली, पालापाचोळ्यात दडलेली, अंधार पडला की बाहेर. तपकिरी अंगावर आडवे फिकट पट्टे, प्रत्येकाला काळसर किनार, आणि टॉर्च तिरका धरून जवळून बघितलं तर पाठीवरचे खवले फरशा बसवल्यासारखे ओळीने दिसतात, मला तर ते बघताना वेळेचं भानच राहत नाही. डोळ्याची बाहुली मांजरासारखी उभी चीर.

डे गेको म्हणजे निमास्पिस नावाच्या गटातली पाल. हिच्याही बोटांना गाद्या नाहीत पण बाहुली गोल, कारण ही दिवसा फिरते, आणि ओळखायला हीच सगळ्यात सोपी खूण. आंबोलीची निमास्पिस फ्लॅविव्हेन्ट्रॅलिस २०१६ मध्ये वेगळी जात म्हणून नोंदवली गेली, नराचं पोट पिवळं म्हणून हे नाव, शेपटी सोडून चार सेंटीमीटरसुद्धा नाही. खडकावर, झाडाच्या बुंध्यावर सावलीत बसते, जरा हललात की फटीत गायब.

सोय बघायची तर डे गेको, उजेडात दिसते, जळवा-चिखलात रात्री फिरावं लागत नाही. पण मुलाला जंगलाची जमीन रात्री कशी जागी होते ते दाखवायचं असेल तर ग्राउंड गेकोच. ती सावकाश चालते, त्यामुळे मुलाला नीट बघायला वेळ मिळतो.

दोन्हीत विष नसतं, आपल्याकडच्या कुठल्याच पालीत नसतं, तरी हातात घेऊ नका, घाबरली की शेपटी तोडते. दगड उलटू नका, त्याखाली अंडी असू शकतात. रात्री जाणार असाल तर वनखात्याला विचारून आणि स्थानिक गाईड घेऊनच, टॉर्च डोळ्यांवर फार वेळ धरू नका, आणि घाटात गाडी हळू चालवा, पावसात ग्राउंड गेको रस्त्यावर आली तर सुक्या पानासारखीच दिसते.

मैत्रिणीला मी ग्राउंड गेकोच सांगितली, फक्त मुलाला दुपारी झोपवून ने म्हटलं.