पुरासाठी काय बांधावे: मातीचे छोटे धरण की फळ्यांचा बंधारा?

गोव्यातील सत्तरी-सांगे तालुक्यांतील ओढ्यांवर वरवर सारखी दिसणारी ही दोन बांधकामे पुराच्या वेळी अगदी उलट वागतात. बंधारा हिवाळ्यात पाणी अडवण्यासाठी असतो; पावसाळ्यापूर्वी खोबणीत फुगून बसलेल्या फळ्या पहारीने सुट्या करून काढल्या की पूर त्यातून सरळ खाली जातो, म्हणजे गावाला पुरापासून त्याचे संरक्षण जवळजवळ शून्य. उलट पूरनियंत्रणाचे मातीचे धरण बहुतांशी रिकामेच ठेवायचे असते, कारण त्या रिकाम्या जागेत लोंढा साठतो आणि तळाच्या नळातून सावकाश सुटतो.

मात्र माती माथ्यावरून वाहणारे पाणी सोसत नाही. म्हणून बाजूच्या कठीण जमिनीत जादा पाणी बाहेर सोडणारा पुरेसा रुंद सांडवा हवाच, आणि मध्यभागी चिकणमातीचा गाभा हवा, कारण आपला सच्छिद्र जांभा पाणी झिरपू देतो. धरणाच्या उतारावर झाडे वाढू देऊ नयेत (सावलीसाठी लावण्याचा मोह होतो खरा). मुळे कुजली की पाण्याला आयती वाट मिळते.

बंधारा स्वस्त आणि फुटला तरी नुकसान मर्यादित; पण खाली वस्ती आणि वरच्या बाजूला खोलगट जागा असेल, तर मी देखभालीच्या अटीवर धरणच निवडीन.