चित्रं खरी, सह्या खऱ्या, तरीही १६,७१४ युरो गेले

इटलीत स्वतःचा व्यवसाय असलेल्या मराठी मंडळींनी हे नीट वाचा. आर्किटेक्ट, डेंटिस्ट, फिजिओथेरपिस्ट, सल्लागार, ज्यांच्याकडे पार्तिता इवा, म्हणजे व्यवसायाचा व्हॅट क्रमांक आहे ते सगळे. कारण चित्रं विकणारे हे लोक तुमच्याच दारात येतात. "इटलीतल्या समकालीन चित्रकारांना आम्ही संग्राहक आणि कंपन्यांपर्यंत पोचवतो" असं सांगणाऱ्या एका एजन्सीने मार्च २०२३ मध्ये आम्हा नवरा-बायकोच्या आर्किटेक्चर स्टुडिओतून १६,७१४ युरो काढून नेले. तीन चित्रांचे १२,२५०, त्यांच्या कॅटलॉगमध्ये आमच्या स्टुडिओच्या पानाचे १,४५०, आणि वर २२ टक्के इवा, म्हणजे व्हॅट, ३,०१४.

"चित्रांत कसले पैसे गुंतवता?" हे मी नातेवाइकांकडून भरपूर ऐकून घेतलंय. पण मिलानमध्ये कंपन्या आणि चित्रकला ही जोडी कुणाला खटकतच नाही. पियाझ्झा देल्ला स्काला इथे इंतेझा सानपाओलो बँकेने आपला संग्रह लोकांसाठी खुला ठेवलाय. पिरेल्ली ही टायरची कंपनी हँगरबिकोक्का हे कलादालन चालवते, तिथले जर्मन कलाकार कीफरचे उंच मनोरे बघायला मी विद्यार्थिनी असताना गेले होते. दर वसंतात इथे मिआर्त हे कलाप्रदर्शन भरतं, नोव्हेंबरात तोरिनोत आर्तिस्सिमा. अशा शहरात एखादी एजन्सी स्टुडिओसाठी चित्रं घ्या म्हणाली, तर संशय का यावा? शिवाय २०१९ मध्ये मायामीत इटालियन कलाकार कात्तेलानचं भिंतीला चिकटवलेलं केळं १,२०,००० डॉलरला गेलं, हे एजन्सीच्या बाईंनी सांगितलं आणि ते खरंच होतं. त्या बोलल्या त्यातलं निम्मं खरंच होतं, म्हणून तर बाकीचं खपलं.

आमिष दोन होती. एक, चित्रांचा सगळा खर्च करातून वजा होईल. दोन, २४ महिन्यांनी एजन्सी स्वतः ८ टक्के चढ्या भावाने चित्रं परत घेईल.

आता तो क्षण सांगते, कारण तो माझ्या डोक्यातून अजून जात नाही. फॉर्म आमच्याच टेबलावर भरत होतो. मी सवयीने माझा कोदिचे फिस्काले, म्हणजे वैयक्तिक कर क्रमांक लिहिला. बाईंनी हसत पेन माझ्या हातातून घेतलं, त्या आकड्यावर एक सरळ आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "आर्किटेत्तो, पार्तिता इवा लिहा, फायदा तुमचाच आहे." मी लिहिला. खाली दोन सह्या केल्या.

त्या रेघेने माझे सगळे हक्क कापले. घरी किंवा ऑफिसात येऊन कुणी वस्तू विकली, तर साध्या ग्राहकाला निदान १४ दिवस कारण न देता करार मोडता येतो. व्यवसायाच्या नावावर घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू नाही. दुसरी सही कशाची होती? जाचक अटी मी वेगळ्याने वाचून मान्य केल्या, याची. इटलीच्या दिवाणी कायद्यात अशा अटींना वेगळी सही लागते, आणि ती त्यांनी शिताफीने घेतली. त्यातच होतं की वाद झाला तर खटला त्यांच्या शहरात चालेल आणि चित्रं परत घ्यायची की नाही हे एजन्सी ठरवेल. तोंडी मात्र "गारांतितो, गारांतितो", म्हणजे "हमी आहे, हमी आहे" चाललं होतं. कुणी तुमचा वैयक्तिक नंबर खोडून व्यवसायाचा लिहायला सांगितला, तर तिथेच उठा. चहापाणी गेलं खड्ड्यात.

कराचं आमिष तीन महिन्यांतच फुटलं. आमच्या कोमेर्चालिस्ताने, म्हणजे कर सल्लागाराने सांगितलं की आमच्यासारख्या व्यावसायिकांची कलावस्तूंची खरेदी प्रातिनिधिक खर्चात, म्हणजे व्यवसायाची प्रतिमा जपण्यासाठीच्या खर्चात धरतात आणि त्याला वर्षाच्या मिळकतीच्या १ टक्क्याची मर्यादा आहे. आमची त्या वर्षीची मिळकत ९६,००० युरो. म्हणजे वजावट ९६० ची! इवाही परत नाही. मी एजन्सीला फोन केला, तर बाई गोड आवाजात म्हणाल्या, "मग विकू नका, २४ महिने थांबा, खरा नफा तिथेच आहे." मी थांबले. लेखी कागद, शिक्के, बाईंचं वागणं, सगळं व्यवस्थित असताना दुसरं कुणी काय केलं असतं?

एप्रिल २०२५ मध्ये उत्तर आलं, "सध्या बाजारस्थिती पाहता परतखरेदी शक्य नाही."

मग मी चित्रकाराचाच नंबर शोधला. साठीचा सज्जन माणूस. इथे चित्राचा भाव काढायची एक जुनी रीत आहे: उंची अधिक रुंदी, सेंटीमीटरमध्ये, गुणिले चित्रकाराचा गुणांक, म्हणजे त्याच्या नावाला असलेल्या किमतीचा आकडा, गुणिले दहा. आमच्या ८० बाय १०० च्या चित्राला एजन्सीने गुणांक लावला अडीच, भाव झाला ४,५०० युरो. तो म्हणाला, माझा गुणांक अर्धा, म्हणजे ०.५ आहे, स्टुडिओतून हेच चित्र ९०० ला देतो. वर हेही म्हणाला की कॅटलॉगमध्ये यायला आणि प्रदर्शनाला त्याने स्वतः एजन्सीला १,८०० युरो भरलेत. म्हणजे प्रसिद्धी म्हणून चित्रकाराला लुटायचं आणि त्याच कॅटलॉगच्या जोरावर आम्हाला. गुणांक कुणी ठरवला, हे विचारा. लिलावात हा चित्रकार कधी, कितीला विकला गेला, तेही विचारा. मी विचारलं होतं, तर "आम्ही आमच्या कलाकारांना लिलावापासून जपतो" असं उत्तर मिळालं. खरं असं की लिलावात त्याचं एकही चित्र गेलेलं नव्हतं. नंतर एका लिलाव संस्थेने पहिली बोली ३०० युरो सांगितली, तीही घेतलं तर.

आणि आता यंत्रणा. पोलीस ठाण्यात गेले. समोरच्या साहेबांनी कागद उलटेपालटे केले आणि विचारलं, "सिन्योरा, चित्रं मिळाली ना? मग फसवणूक कसली? हे दिवाणी प्रकरण आहे." मी म्हटलं, भाव पाच पट लावला, परत घेण्याचं वचन दिलं. "वचन कागदावर कुठंय?" पुढच्या वेळी दुसरे साहेब, पुन्हा पहिल्यापासून सगळं, पुन्हा "सगळी कागदपत्रं घेऊन या". कागदपत्रं घेऊन गेले तर "कलेचं आहे, वेगळ्या विभागाकडे जा". त्या विभागाचा प्रश्न, चित्र बनावट आहे का? नाही. चोरीचं? नाही. मग आमचा विषय नाही. ग्राहक संघटनेने वर्गणी घेतली आणि मग सांगितलं की तुम्ही ग्राहक नाही, व्यावसायिक आहात! चित्र खोटं असतं तर इथे अख्खा विभाग धावून आला असता. भाव खोटा असला की कुणालाच ते दिसत नाही. आपण कर वेळेवर भरायचा, रेसिडेन्सीसाठी पहाटे रांगेत उभं राहायचं, आणि आपला घामाचा पैसा गेला की "दिवाणी प्रकरण" ऐकून घरी यायचं, याची मला प्रचंड चीड आहे.

त्या फेऱ्यांत महत्त्वाची मुदत जवळजवळ हातची गेली. फसवणुकीची क्वेरेला, म्हणजे फिर्याद, प्रकार कळल्यापासून ३ महिन्यांत द्यावी लागते. ठाण्यात हे मला कुणीही सांगितलं नाही. शेवटी वकिलाला १,२०० युरो देऊन ती थेट सरकारी वकिलांच्या कार्यालयात, प्रोकुरात दिली. तिथे लेखी फिर्याद स्वतःलाही देता येते, ठाण्याच्या पायऱ्या झिजवायची गरज नाही. फिर्यादीत एक ओळ विसरू नका: प्रकरण बंद करायचं ठरलं तर मला कळवा. ती ओळ नसेल तर सहसा कळवत नाहीत.

एजन्सीशी फोनवर बोलू नका. सगळं पेकवरून, म्हणजे नोंदणीकृत ईमेलवरून. माझ्याकडे फोनवरच्या गोड बोलण्याचा एकही पुरावा नाही.

आणि सध्याचं नवं आमिष: १ जुलै २०२५ पासून कलावस्तूंवरची इवा २२ वरून ५ टक्क्यांवर आली आहे. ही सूट खरी आहे, आणि म्हणूनच विक्रेते ती पुढे करून फिरताहेत. माझ्या ओळखीतल्या एका डेंटिस्टकडे गेल्या महिन्यात हेच सांगत कुणी तरी आलं होतं, तसाच फॉर्म घेऊन. करारावर सही झाली असेल आणि परतखरेदीला नकार आला असेल, तर नकाराच्या पत्रावरची तारीख आजच बघा आणि ३ महिने मोजा.