महिला अधिकाऱ्यांसाठीचा नेतृत्व अभ्यासक्रम : एका सत्रापुरता भक्कम

वरिष्ठ पदाच्या उंबरठ्यावर असलेल्या महिला अधिकाऱ्यांसाठीचा हा ऑनलाइन अभ्यासक्रम कंपनीने आम्हा काही जणींना करायला दिला. सुरुवातीची सत्रे देहबोली, आत्मविश्वास आणि बैठकीत ठामपणे कसे बोलावे यांवरच खर्ची पडतात, आणि बढती अडते ती जणू बाईच्या संकोचामुळेच, असा समज त्यांतून होतो. वर्षानुवर्षे विभाग सांभाळणाऱ्या बायकांना आरशासमोर बोलण्याचा सराव करायला लावणे जरा अतीच झाले.

नफा-तोट्याच्या जबाबदारीवरील सत्र मात्र फार चांगले आहे. त्यात प्रत्येकीने आपल्या आजवरच्या पदांची यादी करायची आणि ज्या पदावर उत्पन्नाचे उद्दिष्ट व खर्चाचे अंदाजपत्रक ही दोन्ही आपल्याच हातात होती, त्यापुढे खूण करायची असते. मनुष्यबळ, जनसंपर्क, कायदा अशा विभागांतून पुढे आलेल्या कित्येकींच्या यादीत एकही खूण नव्हती. मुख्य कार्यकारी अधिकारी निवडताना संचालक मंडळे बहुधा प्रत्यक्ष व्यवसाय चालवलेल्या उमेदवारांकडेच वळतात, त्यामुळे वाट नेमकी कुठे बंद होते हे त्या कोऱ्या रकान्यात दिसते. नॉर्वेचा दाखलाही इथे चपखल बसतो. तिथे २००३ च्या कायद्याने सार्वजनिक मर्यादित (पब्लिक लिमिटेड) कंपन्यांच्या संचालक मंडळांत स्त्री आणि पुरुष दोघांचेही प्रमाण सुमारे ४० टक्के असणे बंधनकारक झाले आणि २००८ पासून त्याची कडक अंमलबजावणी झाली. पण मुख्य कार्यकारी पदांवरील स्त्रियांची संख्या त्या वेगाने वाढली नाही.

अडचणीतल्या कंपनीची सूत्रे स्त्रीच्या हाती देण्याच्या प्रवृत्तीवर मिशेल रायन आणि अलेक्झांडर हॅस्लम या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये बोट ठेवले होते. त्या विषयाला इथे थोडाच वेळ मिळतो, आणि असे पद स्वीकारण्यापूर्वी रोख रकमेची स्थिती, मुदत आणि संचालकांचा पाठिंबा यांबद्दल काय विचारावे, हे कोणी सांगत नाही.

मार्गदर्शक म्हणून जोडून दिलेल्या बाई मनमोकळ्या होत्या, सल्लाही नेमका देत. परंतु बढतीची चर्चा होते त्या खोलीत आमचे नाव पुढे करणारे वरिष्ठ वेगळेच असतात आणि त्यांच्यासाठी या अभ्यासक्रमात एकही सत्र नाही. मनुष्यबळ विभागाने संपूर्ण संच घेण्याऐवजी नफा-तोट्याचे सत्र सुटे मिळते का ते विचारावे, आणि मिळाल्यास विभागप्रमुखांनाही त्यात बसवावे.