कायरोप्रॅक्टर, डीओ की फिजिओ? माइंड-बॉडी कामाकडे वळायचं असेल तर काय घ्यावं

अमेरिकेत शिकणाऱ्या ज्या मुलांना पाठ-मानेचं दुखणं आणि त्यामागचा ताण, झोप, भीती हे सगळं एकत्र धरून काम करायचंय त्यांच्यासाठी लिहितेय. माझं मत आधीच सांगते, माइंड-बॉडी यातल्या कुठल्याच डिग्रीत पुरेसं शिकवत नाहीत, ते नंतरच शिकावं लागतं, म्हणून आधी लायसन्स कुठलं हवंय ते ठरवा.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे मुख्यतः मणक्याचे सांधे हाताने दाबून-हलवून उपचार करणं, आणि त्याची डिग्री म्हणजे डीसी. आधी कॉलेजचे साधारण ९० क्रेडिट, मग चारेक वर्षं, किमान ४,२०० तास, त्यात ॲनाटॉमी, एक्स-रे वाचणं आणि हाताने ॲडजस्टमेंट, म्हणजे हे दाबणं-हलवणं करायचा भरपूर सराव, पुढे नॅशनल बोर्डाची परीक्षा आणि राज्याचं लायसन्स. रेसिडेन्सीची, म्हणजे डिग्रीनंतर हॉस्पिटलमध्ये काम करत शिकायची सक्ती नाही त्यामुळे स्वतःचं क्लिनिक लवकर टाकता येतं, पण औषधं लिहिणं जवळपास कुठेच नाही आणि ऑपरेशन तर नाहीच. डीओ म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची डॉक्टरकी, त्याला एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा, चार वर्षं आणि वर किमान तीन वर्षं रेसिडेन्सी, पण औषध-सर्जरी सगळं करता येतं, फक्त हाताने ट्रीट करायचं शिक्षण साधारण २०० तासांचं आणि पुढे प्रॅक्टिसमध्ये बरेच जण ते सोडूनच देतात. डीपीटी म्हणजे फिजिओथेरपीची डॉक्टरेट, बॅचलर्सनंतर तीनेक वर्षं, भर व्यायाम आणि रिहॅबवर. हॉस्पिटलची नोकरी हवी असेल तर मी डीपीटीच म्हणेन.

आता डीसीबद्दल थोडं जास्त, कारण या मुलांना ओढ तिकडचीच असते. डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये आयोवातल्या डेव्हनपोर्टला हे सुरू केलं, त्याआधी ते मॅग्नेटिक हीलर होते, आणि शरीरात स्वतःला बरं करणारी उपजत शक्ती असते हा विचार तेव्हापासूनचा आहे. आजही काही जण हा विचार घट्ट धरून आहेत तर काही जण पुराव्याच्या बाजूने जाऊन फक्त स्नायू-मणक्याचं काम करतात, त्यामुळे ॲडमिशनआधी कॉलेज कुठल्या बाजूचं आहे हे स्पष्ट विचाराच.

डीसीनंतरही दोन वाटा दिसतात. एक मसल टेस्टिंगची, म्हणजे हात दाबून बघून शरीरात अडकलेली भावना ओळखायची. याचं मूळ जॉर्ज गुडहार्ट या कायरोप्रॅक्टरच्या १९६४ मधल्या कामात आहे. पण तपासणाऱ्याला उत्तर माहीत नसताना घेतलेल्या चाचण्यांत ही पद्धत टिकत नाही, त्यामुळे मी त्यावर पैसे घालवणार नाही. दुसरी एमबीएसआरची, जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस कोर्स. २०१६ मध्ये ३४२ जणांवरच्या अभ्यासात जुनाट कंबरदुखीला याचा फायदा नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त दिसला, आणि २०१७ च्या अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या मार्गदर्शनात मॅनिप्युलेशन (हाताने मणका हलवणं), योग आणि एमबीएसआर तिन्ही आहेत. डीसी घेऊन ही वाट धरणं मला खरंच चांगलं वाटतं!

पुण्या-मुंबईला परत यायचं असेल तर मात्र थांबा, भारतात कायरोप्रॅक्टरसाठी वेगळी वैधानिक कौन्सिल नाही, त्यामुळे भारतात काम करायचं असेल तर भारतातच बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची बॅचलर्स डिग्री करणं जास्त सोयीचं.

आणि फी भरायच्या आधी दोन-तीन क्लिनिकमध्ये जाऊन बसा. मानेच्या ॲडजस्टमेंटमध्ये क्वचित रक्तवाहिनीला इजा होऊन स्ट्रोक येऊ शकतो, हे पेशंटला आधी सांगतात का बघा, आणि डिप्रेशनचा पेशंट आला तर त्याला सायकॉलॉजिस्टकडे पाठवतात की स्वतःच ‘हील’ करायला बसतात तेही बघा.