इन्कॉइसचा सागरी अंदाज: लाटेचे मीटर बघता, सेकंदही बघा

हैदराबादला समुद्र नाही, पण उद्या होडी लोटायची की नाही हे ठरवताना कोकणातल्या तांडेलाला ज्याचा आधार वाटतो तो अंदाज तिथूनच येतो. समुद्राची माहिती आणि अंदाज देणारी इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था १९९९ पासून तिथे आहे. सेवा फुकट, संकेतस्थळावर आणि ‘समुद्र’ ॲपवर मिळते.

लाटांचा अंदाज हा तिचा सर्वांत कामाचा भाग. गफलत होते ती तो वाचताना. ‘लाट १.५ मीटर’ म्हणजे सर्वांत मोठी लाट नव्हे. सगळ्या लाटांतल्या उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी. अधूनमधून जवळजवळ तीन मीटरची लाट येणार, हे धरूनच चालायचं. शेजारी सेकंदांत लाटेचा काळ, म्हणजे एका लाटेमागून दुसरी यायला लागणारा वेळ, दिलेला असतो, तो बरेच जण बघतच नाहीत. दीड मीटर आणि ६ सेकंद असेल, तर खोल पाण्यात दोन लाटांमधलं अंतर साधारण ५६ मीटर. फायबरची लहान होडी आपटून आपटून खिळखिळी होते. तेच दीड मीटर आणि १४ सेकंद असेल, तर अंतर ३०० मीटरच्या वर. बाहेर होडी अलगद वरखाली होते, पत्ताही लागत नाही. खरा धोका परतताना! खाडीच्या तोंडावर वाळू साचून पाणी उथळ झालेलं असतं, तिथे हीच लाट उभी राहून फुटते; समोरून ओहोटीची ओढ असेल तर आणखीच. दक्षिणेच्या महासागरातल्या वादळांतून उठलेल्या अशा लाटा हजारो किलोमीटर चालून येतात, त्यामुळे इथे वारा पडलेला असतो आणि आभाळही स्वच्छ. केरळात याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात. तोंडावरची वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. अंदाज काढणाऱ्या संगणकी मॉडेलकडून तिचा हिशोब मागू नका. सेकंद दोन आकडी दिसले की भरतीच्या पाण्यावरच आत या.

मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे हेही इन्कॉइस सांगते. या ‘संभाव्य मासेमारी क्षेत्रा’च्या तक्त्यात बंदराचं नाव, दिशा, अंशांत कोन, अंतर, खोली आणि अक्षांश-रेखांश असतात. अंतर किलोमीटरमध्ये आणि खोली मीटरमध्ये असते, हे विसरू नका: ४० किलोमीटर म्हणजे साडेएकवीस सागरी मैल, ५५ मीटर म्हणजे ३० वाव (खोली मोजायचं कोळ्यांचं माप). उपग्रहाने टिपलेलं पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य यांवरून थंड-गरम पाण्याच्या सीमा शोधतात, कारण खाद्य तिथे जमतं. बांगडा, तारलीसारख्या वरच्या थरातल्या माशांसाठी हे उपयोगी. तळाच्या कोळंबीसाठी फारसं नाही. डोल जाळं समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं, त्यामुळे डोलवाल्यांना यापेक्षा उधाण-भांगाचं, म्हणजे मोठ्या आणि लहान भरती-ओहोटीचं, गणित मोलाचं. ढग आले की उपग्रहाला पाणीच दिसत नाही आणि तक्ता रिकामा राहतो. आणि शिळा तक्ता वापरू नका: अर्ध्या नॉटचा (तासाला अर्धा सागरी मैल) प्रवाह २४ तासांत पाणी १२ सागरी मैल सरकवतो.

मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते. त्यापुढे जेमिनी हे यंत्र आहे. ते ‘गगन’ या भारतीय उपग्रह यंत्रणेवरून इशारे घेतं आणि ब्लूटूथने फोनवर दाखवतं. ते फक्त ऐकतं, तुमची हाक किनाऱ्यावर पोचवत नाही. व्हीएचएफ, म्हणजे बोलायचा रेडिओ, त्यामुळे सुटत नाही.

नवख्यांसाठी एक खाचखळगा: वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिथून येतो ती, प्रवाहाची म्हणजे तो जिकडे जातो ती. ‘वारा उत्तर, प्रवाह उत्तर’ असं वाचलंत, तर दोघे समोरासमोर आहेत, आणि तिथली लाट आखूड, उभी असणार.