आजीचा दगड आणि भुसावळचं पाट्यांचं दुकान

दुकानाचं नाव लिहीत नाही. शेठशी माझं वाजलं, पण ज्या म्हाताऱ्या कारागिरामुळे काम निभावलं त्याचं पोट त्याच दुकानावर आहे. भुसावळात सरपंचांच्या कोनशिला, दारावरच्या नावाच्या पाट्या, शाळेतल्या देणगीदारांच्या याद्या असं सगळं करून देणारं एक दुकान आहे, एवढं पुरे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. आजोबा रेल्वेत होते म्हणून कोकणातून इकडे आलो आणि इथलेच झालो. आजी डिसेंबर २०२४ मध्ये गेली, हनुक्का हा आमचा दिव्यांचा सण लागायच्या आठवडाभर आधी. दफन ठाण्याला केलं, कारण कादिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात आणि भुसावळात आमचे दहा जमवणं म्हणजे लग्नाचं आमंत्रण काढण्यासारखं. पण आजीने आधीच सांगून ठेवलं होतं, "ठाण्यात मला कोण ओळखतं? दगड तरी माझ्या गावचा लावा." म्हणून हा उद्योग.

दर सांगते. दोन फूट बाय दीड फूट काळा ग्रॅनाईट, घोटाई, कोरणं आणि पांढरा रंग भरणं मिळून साडेसहा हजार. ठाण्यात अकरा सांगितले होते. दगड एक नंबर, कडा एकसारख्या, कुठे टवका नाही. मराठीचं काम तर इतकं सुरेख की 'भुसावळ' मधला ळ मी बोटाने दोनदा गिरवून पाहिला.

शेठने नमुन्यांची वही काढली. ओम, चांदतारा, क्रूस. आमचं नाव बघून त्यांनी क्रूसाच्या पानावर बोट ठेवलं. म्हटलं, नाही, आम्ही यहुदी. "म्हणजे ख्रिश्चनच ना?" नाही. "मग मुसलमान?" नाही हो शेठ. शेवटी आजीचीच गोष्ट सांगितली: अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलेलं जहाज, वाचलेले सात पुरुष आणि सात बायका, पुढे तेलाचे घाणे आणि शनिवारी घाणा बंद म्हणून पडलेलं 'शनिवार तेली' हे नाव. शेठ खूश झाले. म्हणाले, "मग तुम्ही आमच्यातलेच की." आमचा सहा टोकांचा तारा, मागेन दावीद, त्यांच्याकडे आधीच कापून तयार होता. गणपतीच्या यंत्राच्या पाटीसाठी लागतो म्हणे. तोच साचा आमच्या दगडावर बसला, वेगळे पैसे नाहीत.

खरी गंमत हिब्रूची. खाली मराठीत नाव आणि तारखा, वर हिब्रूत दोन ओळी आणि वर्ष, एवढंच हवं होतं. आजीला हिब्रू अक्षरं येत नव्हती; ती प्रार्थना देवनागरीत छापलेल्या पुस्तकातून म्हणायची. मला जेमतेम वाचता येतं. शेठच्या मुलाने कॉम्प्युटरवर मजकूर चिकटवला तर सगळी अक्षरं उलट्या क्रमाने बसली. हिब्रू उजवीकडून डावीकडे चालतं हे त्याच्या सॉफ्टवेअरला मान्य नव्हतं. ते मी पकडलं. दुसरा प्रिंट बरोबर आला आणि त्यावर मी सही केली. ही सही लक्षात ठेवा, शेठ पुढे तीच काढणार आहेत.

आमचं वर्ष अक्षरांत लिहितात. ताव चारशे, शिन तीनशे, पे ऐंशी, हे पाच. झाले ७८५, पाच हजार धरून चालायचे, म्हणजे ५७८५. आता 'हे' हे अक्षर कसं, तर वर आडवी रेघ, उजवीकडे तिला जोडलेला पाय आणि डावीकडे एक छोटा पाय, जो वरच्या रेघेला टेकत नाही. मध्ये नखाएवढी फट. ती फट बुजली की होतं 'हेत', आणि हेत म्हणजे आठ.

दगड बघायला गेले. ऊन तिरकं पडलं होतं, अक्षरं चकाकत होती, भाऊ फोटो काढत होता. मी वर्ष वाचलं आणि पुन्हा वाचलं. फट नव्हती. ५७८८. दगडाच्या हिशेबाने आजी आणखी तीन वर्षांनी जाणार होती.

शेठ म्हणाले, "एवढ्याशा रेघेचं काय घेऊन बसलात, कोण वाचणार आहे?" आणि सहीचा प्रिंट काढला. त्या प्रिंटवर फट होती! तीही दाखवली. तर म्हणे नवा दगड मिळणार नाही, हवं तर अर्धे पैसे भरा. इथे माझा आवाज चढला हे कबूल. आजीच्या वर्षाला 'एवढीशी रेघ' म्हणतात, आणि ते काम मागायला आलेल्या नातीला!

मागे कारागीर बसला होता. पारोळ्याकडचा, सत्तरीचा, डोळ्यावर दोऱ्याने बांधलेला चष्मा. तो उठून आला, प्रिंट हातात घेतला आणि म्हणाला, "ताई, माले वाटनं अक्षर तुटेल शे. मी जोडी दिधं. मन्हा हातनी चूक शे." प्रिंटरची शाई अडकली असेल असं समजून त्याने चांगल्या मनाने फट भरून टाकली होती! मग मला म्हणाला, बाई, हे अक्षर काय म्हणतं ते सांगा.

मी सांगितलं. शिवाय दुसरं एक सांगितलं, जे आम्हाला लहानपणी शिकवतात. 'शमा इस्राएल' या आमच्या मुख्य प्रार्थनेत देव 'एहाद', म्हणजे एक, असं येतं. त्यातलं शेवटचं अक्षर दालेत. त्याचा मागचा कोपरा गोल झाला की ते रेश होतं आणि 'एहाद'चं 'अहेर' होतं, म्हणजे दुसरा. म्हणून तोराच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळीत ते दालेत मोठं लिहितात. कारागीर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग दुसऱ्या एका कागदावर दालेत आणि रेश पेन्सिलीने काढून घेतले. आमच्या दगडावर त्यांचं काही काम नव्हतं तरी.

कोरलेला खड्डा जसाच्या तसा परत भरता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी ग्रॅनाईटची भुकटी चिकटवणाऱ्या रसायनात कालवून ती फट पुन्हा 'तयार' केली आणि वर घोटाई केली. पैसे घेतले नाहीत. अडीच तास लागले. शेठ तोपर्यंत गल्ल्यावर. समोरून पाहिलं तर काही दिसत नाही; बाजूने उजेड आला की तांदळाएवढा एक फिकट ठिपका दिसतो. मला दिसतो, इतरांना नाही.

डिलिव्हरीचंही सांगायला हवं. शेठ म्हणाले शनिवारी न्या, तेव्हा टेम्पो मोकळा आहे. म्हटलं शनिवार सोडून कधीही. "तुम्ही अजून शनिवार पाळता?" आजी पाळायची, म्हणून तिच्या दगडापुरता तरी पाळू. रविवारी गेलो. वाळलेली केळीची पानं घालून दगड बारदानात बांधून दिला होता. कसारा घाटातले खड्डे धरून ठाण्यापर्यंत एक कोपरा झडला नाही. बांधणीला पैकीच्या पैकी.

ठाण्याला आमच्यातले एक वडीलधारे आले होते. त्यांनी आधी दगड पाहिला, मग आम्हाला. दफनभूमीत बसून ते जुन्या गोष्टी सांगत होते: मुंबईत १८३६ साली बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेल्या, यहुद्यांनी स्मशानात आपल्या आणि बेने इस्राएलांच्या कबरींमध्ये भिंत घालायची परवानगी मागितली होती, आणि थेट १९६४ साली इस्राएलच्या सरकारने आम्ही पूर्ण यहुदी असल्याचं जाहीर केलं. इतक्या जणांनी आमची तपासणी केली, त्यात भुसावळच्या शेठने क्रूसाच्या पानावर बोट ठेवलं म्हणून मी का रागवावं, असं मला तेव्हा वाटलं. तरी राग गेला नाही, कारण तो रेघेचा होता.

वडीलधाऱ्यांनी वर्षावर बोट फिरवलं, फटीपाशी थांबले आणि मोठ्याने वाचलं: ताव, शिन, पे, हे. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही.

पाचपैकी तीन. दगड, मराठी कोरीव काम आणि बांधणीसाठी साडेतीन, शेठच्या वागण्यासाठी अर्धा कमी. हिब्रू, उर्दू, काहीही उजवीकडून वाचायचं असेल तर प्रिंट मोठा करून घ्या, प्रत्येक फट लाल पेनाने गोल करा आणि कागद गल्ल्यावर न देता मागे बाबांच्या हातात द्या. ते दुपारी दोननंतर असतात. मंगळवारी दुकान बंद.